मोठा बंब घ्यावा का?

मराठवाड्यात घर तापवावे लागत नाही. ते आपसूक तापते, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की ते गार कसे करायचे याचीच विवंचना असते. मुदखेडला जानेवारीच्या पहाटे मात्र तोच पारा १२-१३ वर उतरतो, थंडीची लाट आली तर १० च्याही खाली जातो. तेवढ्यासाठी खोल्या ऊबदार करण्याचा खटाटोप इथे कोणी करत नाही. ऊब हवी ती अंगाला, आणि ती मिळते न्हाणीत. अंगणात पत्र्याच्या आडोशाला उभा असलेला बंब, नाहीतर तीन दगडांवर चढवलेला हंडा, एवढीच या घरांची शेकण्याची व्यवस्था.

या व्यवस्थेवर ताण येतो तो घर वाढल्यावर. चार माणसांची सहा होतात, दिवाळीत दहा होतात. मग पहिल्या तिघांना कढत पाणी, चौथ्याला कोमट आणि पाचव्याची कुरकुर. घरातले कोणीतरी म्हणते, आता मोठा बंब घेऊ. तांबटाकडे किंवा भांड्यांच्या दुकानात गेले की तोही तेच म्हणतो. त्याचे तांबे किलोवर विकले जाते. हा सल्ला कितपत खरा, हे पाहायला थोडे अंकगणित लागते आणि आग कशी जळते याची थोडी ओळख.

अंकगणित आधी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. टाकीतले पाणी पहाटे १८ अंशांचे धरू, आंघोळीला ४० अंशांचे हवे आणि माणशी २० लिटरची एक बादली. सहा माणसांचे १२० लिटर, प्रत्येक लिटर २२ अंशांनी वर न्यायचे, म्हणजे २,६४० किलोकॅलरी. उन्हात नीट वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३,५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात उतरली तर सहा माणसांच्या आंघोळीला पाऊण किलो लाकूड पुरे! प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीत दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्यात जाते, बाकी वाऱ्यावर. त्या हिशेबाने पाच ते साडेसात किलो सरपण लागते. बंबाने निम्मी उष्णता जरी पाण्यात उतरवली तरी दीड किलोत भागते. लाकडाच्या मोळ्या शेतातून डोक्यावर आणणाऱ्या बाईला या दोन आकड्यांमधला फरक सांगावा लागत नाही.

आता बंबाचे आकारमान. कोणीही बंबातले पाणी तसेच अंगावर घेत नाही. त्यात विसण घालतो. बंबातले पाणी ८० अंशांवर असेल तर २० लिटरच्या बादलीत ते ७ लिटर पुरते, उरलेले १३ लिटर विसण. ६० अंशांवरच तोटी उघडली तर साडेदहा लिटर घ्यावे लागते. म्हणजे ३० लिटरचा तोच बंब ६० अंशांवर तीन बादल्यासुद्धा पुऱ्या देत नाही आणि ८० अंशांवर चार देतो. बादलीमागे लाकूड जवळजवळ तेवढेच लागते, कारण प्रत्येक बादलीला एकूण उष्णता तेवढीच द्यायची आहे. बंब लहान पडतो अशी तक्रार असलेल्या पुष्कळ घरांत तो लहान नसतो. घाईत लवकर उघडलेला असतो. शिवाय काढले तेवढे पाणी लगेच वरून ओतत गेले, आणि आग चालू ठेवली, तर चार बादल्यांचा बंब सहा माणसांना पुरतो. तासाला दोन किलो लाकूड जळत असेल आणि निम्मी उष्णता पाण्यात उतरत असेल तर पुढच्या दोन बादल्यांपुरते १५ लिटर पाणी पुन्हा ८० अंशांवर यायला पंधरा-सोळा मिनिटे लागतात. तेवढ्यात एकाची आंघोळ होते.

हे सगळे खरे असले तरी घरात दहा माणसे असतील तर मोठ्या बंबाचा विचार होणारच. तिथे भूमिती आडवी येते. बंबाची रचना डोळ्यांपुढे आणा: बाहेर पाण्याचे पिंप, मधून खालपासून वरपर्यंत गेलेले नळकांडे, त्याच्या तळाशी जाळी, जाळीवर बंबफोड, खाली राख. पाणी तापते ते या नळकांड्याच्या भिंतीतून. समजा नळकांडे १० सेंटिमीटर व्यासाचे आणि ४५ सेंटिमीटर उंच आहे. त्याची भिंत झाली सुमारे १,४०० चौरस सेंटिमीटर. आता तांबटाने सगळी मापे दुप्पट करून बंब घडवला. पाणी आठपट झाले, ३० चे २४० लिटर. नळकांड्याची भिंत मात्र चौपटच वाढली. म्हणजे दर लिटरमागे तापणारी भिंत निम्मी, आणि तितकीच आच लावली तर तापायला वेळ दुप्पट. एकदा तापल्यावर त्याचे पाणी जास्त वेळ गरम राहते हे खरे, कारण बाहेरचा पृष्ठभागही आठपट न होता चौपटच होतो. लग्नघरात सकाळभर पाहुणे आंघोळीला येत राहतात, तिथे ते सोयीचे. सात वाजता शाळेची बस धरायची असेल तर नाही.

बंबाच्या या अडचणीवर दोनशे वर्षांपूर्वी उत्तर सापडले होते, तेही आंघोळीसाठी नव्हे. मुदखेडकरांना ते उत्तर आपल्याच स्टेशनात पाहायला मिळत असे.

इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणींत पाणी उपसणाऱ्या इंजिनांसाठी रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८१२ च्या सुमारास जो बॉयलर वापरात आणला, तो म्हणजे आडवा पाडलेला बंबच: पाण्याचे लांबट पिंप, त्यातून गेलेले एकच नळकांडे, नळकांड्यात आग. १८४४ मध्ये फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी एकाची दोन नळकांडी केली. तो लँकेशायर बॉयलर. पुढे जगभरच्या कापड गिरण्यांत त्यानेच वाफ पुरवली. पण खरी उडी या दोन टप्प्यांच्या मध्येच घेतली गेली होती. १८२५ चे स्टीफन्सनचे ‘लोकोमोशन’ इंजिन एका सरळ नळकांड्यावर चालत होते. १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिलच्या शर्यतीत उतरलेल्या ‘रॉकेट’मध्ये तीन-तीन इंच व्यासाच्या तांब्याच्या २५ नळ्या होत्या. ही कल्पना रेल्वे कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ यांची. ‘रॉकेट’ ती शर्यत जिंकले.

२५ नळ्यांनी काय साधते? एका जाड नळकांड्याऐवजी, धूर जाण्याची एकूण वाट तेवढीच ठेवून, २५ बारीक नळ्या घातल्या तर पाण्याला लागणारी भिंत पाचपट होते. पिंप तेवढेच, पाणी तेवढेच, आगही तेवढीच. फक्त गरम धुराला पाण्याशी गाठ घालून द्यायची जागा पाचपट. यापुढची रेल्वेची जवळजवळ सगळी वाफेची इंजिने याच घाटाची झाली. निजामाच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड मीटरगेज मार्ग आणला, पुढे मुदखेडहून आदिलाबादचा फाटा निघाला आणि मुदखेड जंक्शन झाले. सिंगरेणीचा कोळसा खात या रुळांवर जी इंजिने धावली, त्यांच्या पोटात ‘रॉकेट’च्या नळ्यांची पणतवंडे होती. स्टेशनाबाहेरच्या घरांत मात्र एका नळकांड्याचा बंबच राहिला, आणि त्यात चूक काही नाही. २५ नळ्यांची काजळी रोज कोण साफ करणार?

काजळीचा विषय निघालाच आहे तर एक समज इथेच मोडून टाकू. तांब्याचा बंब लवकर तापतो, स्टीलचा उशिरा, कारण तांबे उष्णता चांगली वाहून नेते, असे सगळेच सांगतात. तांबे उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा पंचवीसपट सहज वाहून नेते हे बरोबर. पण बंबाची भिंत एखाद मिलिमीटर जाडीची. उष्णतेची खरी अडवणूक धातूत होत नाही. ती होते गरम वायू आणि भिंत यांच्यामधल्या हवेच्या पातळ थरात. त्या अडवणुकीपुढे स्टीलच्या पातळ पत्र्याची अडवणूक शंभरात अर्धा भागही नसते. म्हणजे आगीच्या बाजूने पाहिले तर दोन्ही बंब सारखेच. याउलट नळकांड्याच्या आतून मिलिमीटरभर काजळी बसली की ती अडवणूक तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही वाढते. आठवड्यातून एकदा नळकांडे काथ्याने किंवा ब्रशने घासणे हे स्टीलचा बंब मोडीत देऊन तांब्याचा घेण्यापेक्षा जास्त उपयोगाचे. तांब्याचे गुण वेगळे आहेत: ते गंजत नाही, ठोकून हवा तो घाट देता येतो, डाग देऊन दुरुस्त होते आणि वीस वर्षांनी मोडीतही चांगला भाव देते.

पाण्याच्या बाजूला दुसरा थर बसतो, क्षारांचा. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून आलेले बोअरचे पाणी जड असते. तापले की त्यातला चुना भिंतीवर धरतो. घरच्या बंबात याने फार बिघडत नाही, कारण हा थर उष्णतेला काजळीइतका अडवत नाही. रेल्वेच्या इंजिनात मात्र तोच थर घातक ठरे: प्रचंड आचेत नळ्यांना पाण्याचा गारवा मिळेनासा झाला की धातू लाल होऊन नरम पडे. म्हणून इंजिनांचे बॉयलर ठरावीक दिवसांनी रिकामे करून धुवावे लागत.

आता मुख्य दोषाकडे येऊ, आणि तो लहान-मोठ्या सगळ्या बंबांत सारखाच आहे.

लाकूड जळते म्हणजे काय होते हे चुलीपुढे बसणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. लाकूड थेट जळतच नाही. तापल्यावर त्याच्या कोरड्या वजनाचा ७५ ते ८५ टक्के भाग वायू होऊन बाहेर पडतो, मागे राहतो तो कोळसा. आपल्याला दिसणारी ज्वाळा म्हणजे तो वायू जळताना दिसतो. हा वायू पुरता जळायला दोन गोष्टी लागतात: भरपूर हवा आणि सहा-सातशे अंशांचे तापमान, तेही पुरेसा वेळ. यातले काही कमी पडले की वायू न जळताच निसटतो, त्यालाच आपण धूर म्हणतो. डोळ्यांतून पाणी काढणारा तो धूर म्हणजे वाया गेलेले सरपण.

बंबात ज्वाळा उठते तीच मुळी पाण्याने वेढलेल्या नळकांड्यात. त्या भिंतीचे तापमान शंभराच्या फारसे वर जाऊच शकत नाही. मागे पाणी आहे. सातशे अंशांची ज्वाळा शंभर अंशांच्या भिंतीला भिडते आणि अर्धवट विझते. वायू जळायचा राहतो, भिंतीवर काजळी धरते. उष्णता पाण्याला द्यायची घाई इतकी की आग पुरती पेटूच दिली जात नाही. बंब मोठा केला, नळकांडे रुंद केले, तरी ही भिंत तशीच थंड राहते.

हाच दोष अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर अनुभवाला आला. तिकडे थंडीत शून्याखाली वीस अंश जाणाऱ्या भागांत, खेड्यांतल्या घरांबाहेर खोलीएवढा लाकडाचा बॉयलर बसवतात. आतल्या भट्टीभोवती शेकडो लिटर पाणी. तापलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात फिरवून भिंती-फरशा ऊबदार करायच्या. दिवसातून एकदोनदा मोठमोठे ओंडके टाकले की झाले. हवा तेवढी उष्णता मिळाली की झडप बंद होते, आग धुमसत राहते. पाणी गार झाले की झडप उघडते. घर वाढले की लोकांनी मोठा बॉयलर घेतला. मोठ्या भट्टीला ऐन हिवाळ्यात काम होते, पण ऑक्टोबर किंवा एप्रिलमध्ये ती दिवसाचा बहुतेक वेळ झडप मिटून धुमसत पडायची. हवा नाही, भिंती थंड, लाकूड बहुधा ओले: धूर शेजाऱ्यांच्या खिडक्यांत. तक्रारी इतक्या झाल्या की काही राज्यांनी आधी आणि मग २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने अशा बॉयलरांच्या धुरावर मर्यादा घातली. मे २०२० पासून ती आणखी कडक झाली. जुन्या घाटाचे बॉयलर त्या मापात बसूच शकत नव्हते.

नव्या घाटाने केले ते एवढेच की जाळणे आणि तापवणे ही दोन कामे वेगळी केली. लाकूड वरच्या कप्प्यात. त्यातून निघालेला वायू खालच्या, फायर ब्रिकने मढवलेल्या कप्प्यात ओढून तिथे भरपूर हवेत पुरता जाळायचा. विटा लालभडक राहतात, ज्वाळा विझत नाही. मग उरलेला स्वच्छ, गरम वायू बारीक नळ्यांतून पाण्याला भेटवायचा. जोडीला पाण्याची मोठी टाकी, म्हणजे भट्टी एकदाच जोरात पेटवून उष्णता टाकीत साठवता येते. धुमसत ठेवायची गरजच नाही. मोठे करायचे असेल तर पाणी साठवायचे भांडे करा, आग नको, असा हा उलटा हिशेब.

मुदखेडच्या अंगणात याची नक्कल करायला परदेशी यंत्र लागत नाही. बंब जमिनीवरून दीड-दोन हात उचलून त्याखाली विटांची छोटी भट्टी बांधायची, समोरून सरपण आत सरकवण्याचे तोंड, त्याखालून हवा. आग विटांत पेटते, ज्वाळा तिथेच भरात येते, आणि नळकांड्यात जातो तो बऱ्यापैकी जळून झालेला वायू. धुराडे हातभर वाढवले की ओढ वाढते. नळकांड्यात वरून एक पिळलेली लोखंडी पट्टी सोडली की वायू सरळ वर न पळता भिंतीला घासत, गिरक्या घेत जातो; कारखान्यांतल्या बॉयलरच्या नळ्यांतही अशा पट्ट्या घालतात. सहा माणसांच्या घराला एवढ्याने मोठ्या बंबाची गरज उरत नाही, असे माझे मत आहे. तांबटाचे वेगळे असेल.

सरपणाबद्दलही बोलायला हवे, कारण मुदखेड भागात ते वखारीतून क्वचितच येते. कापूस निघाला की पऱ्हाटी, तूर झोडून झाली की तुराट्या, बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, आणि गोवऱ्या. पऱ्हाटी-तुराट्या पातळ, लवकर वाळतात, भडकन पेटतात. विटांच्या भट्टीत त्यांच्याइतके सोयीचे काही नाही, फक्त सतत सरकवत राहावे लागते. बाभळीचे बंबफोड सावकाश आणि दमदार जळते. ओले लाकूड मात्र कोणत्याही बंबात घालू नये. निम्मे वजन पाण्याचे असलेले एक किलो लाकूड घ्या: त्यातले अर्धा लिटर पाणी तापवून वाफ करायलाच ३१० किलोकॅलरी जातात, म्हणजे त्या लाकडात असलेल्या उष्णतेचा सातवा हिस्सा. हे सरळ नुकसान तसे सोसण्यासारखे. मोठे नुकसान पुढचे: त्या वाफेने भट्टी थंड पडते, वायू जळत नाही, आणि सातव्या हिश्श्याऐवजी निम्म्या लाकडाचा धूर होतो. तोडल्यावर दोन उन्हाळे नाही तरी एक कडक उन्हाळा फोडलेल्या लाकडाला मिळायलाच हवा. मराठवाड्याकडे दुसरे काही नसेल, ऊन आहे.

आणि उसाचे पाचट. ते शेतातच पेटवून देतात आणि संध्याकाळी क्षितिजावर धुराचा पट्टा दिसतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याचे तंत्र बसवले आणि २००२ मध्ये त्यासाठी ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळवला. पाचट बंबात तसेच कोंबले तर क्षणात भडकून संपते आणि जाळी राखेने बुजते. कोळशाची कांडी तासभर टिकते.

मुदखेड, अर्धापूर आणि पलीकडच्या वसमतच्या पट्ट्यात खरोखरीचा मोठा, उघड्यावरचा, लाकडावर चालणारा बॉयलर पाहायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीच्या शेतात जावे. काढलेली हळद वाळवण्याआधी शिजवावी लागते. पूर्वी ती काहिलीत शिजे: काहिलीत कंद, बुडेल इतके पाणी, वरून पाला नाहीतर पोती, खाली चर खणून आग. पाऊण ते एक तासाने फेस वर येई, हळदीचा उग्र वास सुटे, काडी टोचून पाहत. खेपेला आधी ते सगळे पाणीच तापवावे लागे, आणि उघड्या तोंडातून तासभर वाफ उडत राहायची. उडणारे प्रत्येक लिटर ५४० किलोकॅलरी घेऊन जायचे.

आता ट्रॉलीवर चढवलेला बॉयलर शेतात येतो. एका टाकीत पाणी, तिच्या खाली भट्टी, आणि नळांनी जोडलेले दोन-चार झाकणाचे ड्रम. ड्रममध्ये कंद भरायचे, वाफ सोडायची. वाफ कंदांवर पाणी होऊन टेकते आणि टेकताना तेच ५४० किलोकॅलरी कंदांना देऊन टाकते. हिशेब मांडला तर एक क्विंटल ओली हळद शिजायच्या तापमानाला न्यायला सुमारे १२ किलो वाफ पुरते, गळती-बिळती वेगळी. एक ड्रम शिजत असताना दुसरा भरायचा, तिसरा रिकामा करायचा. आग क्षणभर रिकामी बसत नाही. मोठा बॉयलर परवडतो तो इथे, कारण त्याला दिवसभर काम आहे. येळेगावच्या भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालते. गाळलेल्या उसाच्या वजनाचा पाव हिस्सा किंवा थोडा जास्त बगॅस निघतो, तोही निम्मा ओला. तरी त्यावर सगळा कारखाना चालतो. साखर कारखान्यांत वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज करते आणि मग उरलेल्या ऊबेवर रस आटतो, काहीच उधळले जात नाही.

हळदीच्या बॉयलरबाबत एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगितली पाहिजे. घरचा बंब उघडा असतो. वरचे झाकण नुसते ठेवलेले, वाफ कोंडली तर ते उचलून निघून जाते. त्यामुळे बंब कधी फुटत नाही. (कोरडा पेटवला तर सांध्याचा डाग वितळून तो गळू लागतो, एवढेच.) वाफ बंद भांड्यात धरली की गोष्ट पालटते. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा मामुली दाब असला तरी दोन फूट व्यासाच्या झाकणावर जवळजवळ तीन टन बळ लागते. १९२३ चा बॉयलर कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०२५ चा नवा कायदा यांनी २५ लिटरपेक्षा लहान, किंवा एक किलोपेक्षा कमी दाबाची, किंवा पाणी शंभर अंशांखालीच तापवणारी भांडी तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत, ती यासाठीच. घरचा बंब त्यामुळे कितीही मोठा केला तरी कायद्याने बॉयलर ठरत नाही. शेतावरच्या वेल्डिंग केलेल्या टाकीवर दाबमापक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल, किंवा व्हॉल्व्ह शिटी मारतो म्हणून कोणी त्यावर वीट ठेवली असेल, तर त्या ट्रॉलीजवळ उभे राहू नये.

याच ट्रॉलीवाल्या कारागिरांनी अलीकडे घरांसाठीही एक भांडे केले आहे, आठवडी बाजारात ते देशी गिझर म्हणून मिळते. स्टीलचे पिंप, मध्ये नळकांडे, पण तोटी खाली नाही. वरच्या नरसाळ्यातून एक तांब्या गार पाणी ओतले की ते नळीने तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडते. गरम पाणी हलके, ते वर थांबते. गार पाणी जड, ते खाली बसते. जुन्या बंबाची तोटी बुडाशी असल्याने ती नेमके सर्वांत कमी तापलेले पाणी आधी देते. देशी गिझरमध्ये उलट. शेवटच्या बादलीपर्यंत पाणी कढत राहते, आणि पिंप कधी रिकामे होत नसल्याने कोरडे जळण्याची भीती नाही. ३० लिटरच्या अशा भांड्यात मला जुन्या ५० लिटरच्या बंबापेक्षा जास्त अर्थ दिसतो. फक्त दोन्ही तोंडे उघडी हवीत. गरम पाण्याच्या तोंडाला कोणी बूच मारले तर आपण पुन्हा हळदीच्या ट्रॉलीपाशी येतो. आणि पिंप न्हाणीत घेऊन दार लावायचे नाही. अर्धवट जळलेल्या लाकडाचा कार्बन मोनॉक्साईड वास देत नाही, गुंगी देतो.

आता छतांवर काचेच्या नळ्यांचे सोलर बसू लागले आहेत, आणि नांदेड जिल्ह्यासारख्या उन्हाच्या मुलखात ते बसायलाच हवेत. वर्षातले बहुतेक दिवस बंब पेटवण्याची गरजच राहत नाही. राहतात जुलै-ऑगस्टचे ढगाळ आठवडे. त्या दिवसांत सोलरचे कोमट, ३०-३५ अंशांचे पाणी बंबात ओतले की निम्म्याहून जास्त काम आधीच झालेले असते: १८ वरून ८० ला नेण्याऐवजी ३५ वरून ८० ला न्यायचे, आणि विसणही सोलरचेच घेतले तर बंबाला ५ अंशांचीच भर घालायची. सहा माणसांचे २,६४० किलोकॅलरींचे ओझे ६०० वर येते. तेवढ्याला मूठभर तुराट्या लागतात. त्या मात्र मृगाच्या आधी पत्र्याखाली रचून ठेवलेल्या असाव्यात, कारण भिजलेली तुराटी जुलैत वाळत नाही.